शेवंतीवरचा दिवा

"इंदू, अंगणातला दिवा लाव गं," तात्या म्हणाले, आणि माझ्या हातातली तांदळाची परात खाली पडता पडता राहिली.

आमच्या घरात दिवा लावायला कधी सांगितलं जात नसे, घालवायला सांगितलं जाई. तात्या वीज मंडळात वायरमन. सगळ्या कऱ्हाडात उजेड पाडणारा माझा बाप स्वतःच्या घरात मात्र चाचपडत जेवायचा. मी स्वयंपाकघरातून सोप्यात आले आणि मागे दिवा राहिला, की लगेच, "इंदू, दिवा घालव! तिथं कुणाचं लग्न लागलंय?" एकदा पाहुण्यांच्या ताटात त्यांनी अंधारात मीठ म्हणून साखर वाढली होती, तरी दुसरा दिवा लावू दिला नव्हता.

आणि आता ओसरीच्या वाशाला नवा होल्डर, त्यात नवा कोरा बल्ब. तोसुद्धा बरोबर शेवंतीच्या कुंड्यांच्या डोक्यावर.

"केवढ्याचा आहे हा?" मी विचारलं.

"शंभरचा."

"शंभरचा!"

"मग काय, चाळीसचा लावून चोराला वाट दाखवायची?"

"कुठला चोर?"

"घ्या! म्हणजे तुला पत्ताच नाही. पलीकडच्या गल्लीत पवारांच्या दारातली तांब्याची घागर गेली."

"ती त्यांच्या सुनेनं माहेरी नेलीय. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

"तू वाद घालू नकोस. लाव म्हटलं ना? आणि रात्रभर राहू दे. सकाळी मी घालवीन."

मी बटण दाबलं. अंगण असं लख्ख झालं, की तुळशीखालची मुंगीसुद्धा दिसावी. तात्यांनी मान वर करून बल्बकडे बघितलं, मग कुंड्यांकडे बघितलं, आणि आत निघून गेले. गणपती उठून दोनच दिवस झाले होते. अंगणात अजून गुलाल होता.

मला मात्र मनातून हसू येत होतं. चोर कोण ते मला पक्कं ठाऊक होतं. तो भिंतीपलीकडे हौसामावशींच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होता, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, आणि त्याचं नाव दिनकर जगदाळे होतं.

आता सांगायला लाज कसली? नातवंडं झाली मला. संध्याकाळी मी शेवंतीला पाणी घालायला जायची आणि हा भिंतीपलीकडे हातावरचं ग्रीस धूत उभा राहायचा. एवढा वेळ ग्रीस धूत बसणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. बोलणं म्हणजे तरी काय, आज डेपोत कुठली गाडी आली, तिचं काय बिघडलं होतं, आमच्यात आज कसली भाजी होती. पण अंधार पडायला लागला, की तीच भाजी फार गोड वाटायची.

लपूनछपून काही नव्हतं. गौरी जेवल्या त्या दिवशी दिनकरची आई औंधाहून आली, आमच्या ओसरीवर बसली, आणि सरळ म्हणाली, "भाऊ, तुमची इंदू आम्हाला द्या. माघात दिनकरची बार्शीला बदली होणार. त्याच्या आधी बार उडवून टाकू."

तात्यांनी सुपारी कातरली. बराच वेळ कातरली. मग म्हणाले, "मुलगा चांगला आहे. मला नापसंत नाही. पण आमच्या घरात एक रीत आहे. घरच्या शेवंतीचं पहिलं फूल देवीच्या पायाशी पडल्याशिवाय आम्ही मंगलकार्याचं बोलत नाही."

"म्हणजे कधी?"

"शेवंती फुलली की."

रीत खरी होती. आईची होती. ती शेवंतीही आईचीच, हळदीसारखी पिवळी, मोठ्या गोंड्याची. मी चौथीत असताना आई गेली. मागं राहिल्या तिच्या कुंड्या, मी आणि तात्या. दरवर्षी फुलं सरली की तात्या बुडाशी फुटलेले मुनवे, म्हणजे ती नवी पिलं, स्वतः काढून दुसऱ्या कुंडीत लावायचे. खांबावर चढून तारा ओढणारा हा दांडगा माणूस मुनवे लावताना मात्र श्वास रोखून बसायचा. आणि दर कार्तिकात पहिलं फूल देवीला. त्यात कधी खंड नाही.

दिनकरची आई निघताना मला म्हणाली, "पाणी घाल गं बाई रोज." मी मान डोलावली. मला वाटलं, दिवाळी म्हणजे काय, आता आलीच.

बल्ब लागला आणि आमची संध्याकाळ बुडाली. आधी अंधारात दोघं दिसत तरी नव्हतो. आता मी तांब्या घेऊन अंगणात आले, की समोरच्या माडीवरच्या आज्जीसुद्धा चष्मा पुसून बघायला लागायच्या.

"तुझ्या वडिलांना माझ्यावर भरवसा नाही का?" दिनकर भिंतीपलीकडून कुजबुजायचा.

"तुमच्यावर आहे. माझ्यावर नाही."

"मग मी काय करू? फ्यूज काढू?"

"वायरमनच्या घरचा फ्यूज काढता? आहे हिंमत?"

नव्हती. कुणाचीच नव्हती. तात्यांना भिऊन गल्लीतली मांजरंसुद्धा खांबाला पाठ लावत नसत.

दसरा आला. झेंडूची तोरणं लागली, सुकली. गल्लीत एकेकाच्या दारात शेवंती कळ्या धरायला लागली. हौसामावशींच्या पांढऱ्या शेवंतीवर तर मोजता येऊ नयेत इतक्या कळ्या. कोरांटी फुलली, अबोली फुलली, मावशींच्या दाराजवळच्या लालपत्तीची शेंड्याची पानं रंगायला लागली. थंडी आली, की या गल्लीची एवढीशी अंगणं अशी नटायची, की येणारा-जाणारा सायकलवरून पाय टेकून बघायचा.

आमची शेवंती मात्र नुसती वाढत होती. हिरवीगार, धष्टपुष्ट, माझ्या कमरेला लागलेली. पण कळी म्हणाल, तर नावालासुद्धा नाही.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. तुळशीला शेजारची शेवंती मागून आणावी लागली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी जे काही केलं, ते काय सांगू! शेंगदाण्याची पेंड भिजवून घातली, तिच्या वासानं दोन दिवस घरात जेवण गेलं नाही. शेणपाणी घातलं. शेंडे खुडले. कुणी म्हणालं ताक घाला, ताक घातलं. कुणी म्हणालं तिच्याशी गोड बोला, गोड बोलले. मग गोड बोलून भागेना, तेव्हा शिव्या घातल्या.

"कुणाला बोलतेस गं?" तात्या ओसरीवरून विचारायचे.

"या भवान्यांना! खायला पुढं आणि फुलायला मागं!"

"येईल येईल. वेळ झाली की येईल."

"सगळ्यांची वेळ झाली, आपलीच तेवढी झाली नाही?"

"एखाद्या वर्षी होतं असं," म्हणून तात्या पेपरात डोकं घालायचे. पेपर उलटा असला तरी माझं तिकडं लक्ष नसायचं.

मार्गशीर्ष लागायला आला आणि एका संध्याकाळी दिनकर भिंतीपाशी आला. हात धूत नव्हता. तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"आई चिडलीय," तो म्हणाला. "तिचं म्हणणं, हो नाही तर नाही म्हणा, झाडाला काय पुढं करता? विट्याचं एक स्थळ आलंय. चंपाषष्ठीपर्यंत तुमच्याकडून होकार आला नाही, तर ती मुलगी बघायला जायचं ठरवलंय तिनं."

"आणि तुम्ही जाणार?"

"मी नाही म्हटलं. तर तिनं जेवण सोडलं."

"मग?"

"मग मीपण सोडलं. आता बघू कोण जिंकतंय." तो हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "इंदू, एक फूल. अगं, एकच तर फूल पाहिजे!"

रात्रभर मला झोप लागली नाही. विट्याची ती न बघितलेली मुलगी मला फार देखणी दिसत होती. सकाळी उठले ती एक बेत घेऊनच. तात्या ड्यूटीवर गेल्यावर हौसामावशींकडून एक टपोरं पांढरं फूल आणलं, वाटीत हळद कालवली, आणि त्यात ते फूल बुचकळून काढलं. सावलीत वाळवलं. मग पुढच्या कुंडीतल्या सगळ्यात उंच फांदीवर दोऱ्यानं बांधलं, वर दोन पानं वळवून दोरा झाकला. लांबून बघितलं. अगदी आईची शेवंती! माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

संध्याकाळी तात्यांनी सायकल टेकवली, तशी मी ओरडले, "तात्या! आलं बघा, फूल आलं!"

तात्यांचा चेहरा असा पडला, की मी गोंधळलेच. आनंद व्हायच्या ठिकाणी माणूस दचकला होता. चपला न काढता ते कुंडीपाशी गेले. वाकले. बल्बकडे बघितलं, परत फुलाकडे बघितलं. मग हळूच बोटानं पाकळी चोळली. बोट पिवळं झालं.

ते बोट त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं.

"इंदू, हळद लावायची एवढी घाई झालीय होय?"

आणि तात्या जे हसायला लागले! ओसरीच्या पायरीवर बसले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. मीही हसायला लागले. माझाही इलाज नव्हता. हसता हसता मला रडू फुटलं, आणि मी आत पळाले.

तात्या मागून आले नाहीत. बऱ्याच वेळानं आत डोकावून म्हणाले, "भाकरी मी करतो आज." आणि केली. कधी नव्हे ती करपवली.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलेलंच होतं. बंबात घालायला जळण आणायचं म्हणून मी न्हाणीमागं गेले. तिथं अडगळ, कौलांचे तुकडे, मोडकी खाट. आणि बंबाच्या धुराड्यामागं एक फुटकी कुंडी. पावसाळ्यात कुंड्या हलवताना ती माझ्याच हातून फुटली होती, म्हणून मागं टाकून दिली होती. रोप मरायचं ते मरेल म्हणून.

मेलं नव्हतं. वीतभरच होतं, पानंही धुरानं काळवंडलेली. पण त्यावर कळ्या होत्या, आणि मधलं एक फूल अर्धं उमललं होतं. पिवळं, हळदीसारखं. बोटानं चोळून बघितलं, हो, उगीच कशाला फसा! रंग निघाला नाही.

मला आनंदानं ओरडायचं होतं. पण ओरडायच्या आधी वाटलं, हिला ना पेंड, ना ताक, ना गोड बोलणं. मग हिलाच का?

ती फुटकी कुंडी कडेवर घेऊन मी तशीच हौसामावशींच्या दारात गेले. मावशी पायरीवर लसूण सोलत होत्या.

"अगं बया! आलं का फूल!"

"मावशी, मागं अंधारात पडलेली फुलली आणि पुढं एवढ्या उजेडात ठेवलेल्या फुलत नाहीत. असं कसं?"

"तसंच असतंय की," मावशी म्हणाल्या, जसं काही मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. "शेवंतीला रातचा अंधार लागतो. ही माझी लालपत्ती बघ."

मी बघितली. रोज बघत होते, पण त्या दिवशी खरी बघितली. घराकडची बाजू लालभडक. रस्त्यावरच्या खांबाकडची बाजू हिरवी ती हिरवीच.

"खांबाचा दिवा पडतो ना तिच्यावर रातभर," मावशी म्हणाल्या. "ज्या साली तो खांब उभा राहिला, त्या साली माझी शेवंतीपण अडून बसली होती. नुसता पाला. मला वाटलं कुणी नजर लावली. तर तुझे वडील आले, बघितलं, आणि म्हणाले, मावशी, हिला रात्र होऊ द्या. कुंड्या त्यांनीच उचलून परसात नेऊन ठेवल्या. दिवे लावत हिंडणारा माणूस तो, कुठल्या दिव्याखाली काय होतं ते त्याला नाही तर कुणाला कळायचं? पुढं बघ, कशी फुलली!"

मावशी पुढं लसणाच्या भावाबद्दल काहीतरी बोलत होत्या. मी ऐकतच नव्हते. माझ्या कानात एकच वाक्य. हिला रात्र होऊ द्या.

म्हणजे बल्ब चोरासाठी नव्हता. दिनकरसाठीही नव्हता. तो शेवंतीसाठीच होता.

असा संताप आला मला, की विचारू नका. दिवसभर भांडी आपटली. सख्खा बाप! तोंडानं हो म्हणायचं आणि वरून बल्ब लावायचा? आणि मी वेडी, कुंड्यांना ताक पाजत बसलेय! संध्याकाळी तात्या आले, हातपाय धुऊन सवयीनं बटणाकडे गेले, बल्ब लावला आणि पायरीवर बसले. मी चहा दिला नाही. ती फुटकी कुंडी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. 

"कुठं होती ही?"

"बंबामागं. अंधारात."

"हं."

"मावशींची लालपत्ती एका अंगाला हिरवी का राहते, ते मला आज कळलं. मावशींना कुणी सांगितलं होतं, तेही कळलं."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुम्हाला ठाऊक होतं, तात्या. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"होतं," ते म्हणाले.

मी एवढी भांडायच्या तयारीत होते, की त्या एका शब्दानं माझी सगळी हवाच गेली. त्यांनी थोडं तरी नाकबूल करायला हवं होतं.

"दिनकर तुम्हाला पसंत नाही का?"

"चांगला आहे गं पोरगा."

"मग?"

"चांगला आहे म्हणूनच तर. वाईट असता, तर त्याच दिवशी नाही म्हणून मोकळा झालो असतो. तीन महिने शोधतोय, एक खोट सापडेना त्याच्यात." तात्यांनी फुटक्या कुंडीची कड बोटानं पुसली. "मी काही कायमची अडवणार नव्हतो तुला. वाटलं, दिवाळी आपल्या घरात होऊ दे. दिवाळी झाली. वाटलं, थंडी सरू दे. रोज सकाळी ठरवायचो, आज नाही लावायचा. आणि संध्याकाळ झाली की हात आपसूक बटणाकडं जायचा."

"पण मग मला सांगायचं ना!"

"काय सांगायचं? जाऊ नकोस म्हणून? बापानं असं सांगायचं असतं होय लेकीला?" त्यांनी खाकरून घेतलं. "तुझी आई गेली, तेव्हा मला भाकरी येत नव्हती आणि तुला वेणी घालता येत नव्हती. दोघं मिळून शिकलो. आता तू बार्शीला जाणार. भाकरीचं काही नाही, भाकरी मी थापीन. पण इंदू, संध्याकाळी घरात आल्यावर मी कुणाला सांगू, दिवा घालव म्हणून?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. राग कुठल्या कुठं गेला होता आणि त्या जागी नुसती माया दाटून आली होती. माझ्या बापाचा माझ्यावर किती जीव आहे, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं असं नाही. पण त्यानं कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि दोघं तसेच त्या लख्ख उजेडात बसून राहिलो. समोरच्या माडीवरच्या आज्जींनी चष्मा पुसला असेल तर पुसू दे.

थोड्या वेळानं तात्या उठले. आतून स्टूल आणलं, वर चढले, खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळला.

"अहो, आधी बटण तरी बंद करा!" मी म्हटलं.

"तू मला शिकवू नकोस," म्हणत त्यांनी बल्ब पिळून काढला.

अंगणात एकदम काळोख झाला. मग हळूहळू तुळस दिसायला लागली, भिंत दिसायला लागली, आणि वर, कितीतरी दिवसांनी, चांदण्या दिसल्या. शेवंतीच्या पाल्यावरून गार वारा आला. पेंडीचाही थोडा वास आला, खोटं कशाला बोला.

भिंतीपलीकडून घाबरा आवाज आला, "तात्या, लाइट गेली का?"

"गेली नाही. घालवली," तात्या ओरडले. "इकडं ये रे, असा भिंतीवरून काय बोलतोस? दारानं ये! आणि उद्या पहिल्या गाडीनं आईला सांगावा धाड. म्हणावं, आमची शेवंती फुलली."

त्याच संध्याकाळी बंबामागचं ते धुरकटलेलं, अर्धं उमललेलं फूल देवीच्या पायाशी पडलं. तात्यांनीच वाहिलं. आईच्या फोटोकडे बघून काहीतरी पुटपुटले, ते मला ऐकू आलं नाही. दिनकर दारात उभा होता. त्या दिवशी त्याला जेवायलाच बसवलं, कारण तो खरोखरच उपाशी होता.

पुढं पौष पडला, म्हणून लग्न माघात धरलं. तोवर गल्लीतल्या सगळ्या शेवंत्या सुकून काळ्या पडल्या होत्या, लोकांनी छाटूनही टाकल्या होत्या. आणि आमच्या, ज्यांना मार्गशीर्षापासून रात्र मिळाली होती, त्यांनी पौषभर कळ्या धरल्या आणि नेमक्या लग्नाच्या तोंडावर अशा उमलल्या, की पानं दिसेनात. मांडवाच्या दाराशी दोन्ही बाजूंना त्याच कुंड्या. बोहल्यावर तीच. माझ्या वेणीतही तीच.

जो तो येऊन बघत होता.

"माघात शेवंती!" तात्यांचे साहेब म्हणाले. "साळुंखे, हे कसं जमवलंत?"

तात्या नवा फेटा सावरत, छाती काढून म्हणाले, "साहेब, लेकीच्या लग्नासाठी मागं ठेवली होती. त्याला आधीपासून नियोजन करावं लागतं."

"वा! याला म्हणतात बाप!"

मी मुंडावळ्यांतून तात्यांकडे असे डोळे वटारले, की बस. त्यांनी माझी नजर चुकवली आणि साहेबांना जेवणाकडे नेलं. हौसामावशी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "मेला, खोटं बोलताना कसा शोभतोय बघ फेट्यात!" म्हणजे त्यांनाही सगळं कळलं होतं.

निघताना ओटी भरली, रडारड झाली. तात्या रडले नाहीत. त्यांनी माझ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेले शेवंतीचे मुनवे दिले, आणि त्यांच्यासोबत रुमालात बांधलेलं काहीतरी गोल.

"हे काय?"

"बल्ब. घेऊन जा तुझ्याबरोबर. घरात राहिला तर मला कुठंतरी लावावासा वाटेल."

बार्शीला जाईपर्यंत मी त्या मुनव्यांवर रडले आणि त्या बल्बाकडे बघून हसले. दिनकर बिचारा मधे बसून कधी पाणी पुढं करत होता, कधी रुमाल.

बार्शीच्या घराला ओसरी होती. मी कुंड्या तिथं मांडल्या आणि बल्ब दाराच्या वर लावून ठेवला, पण पेटवला कधीच नाही. कार्तिकात शेवंती वेळेवर फुलली. पहिलं फूल देवीला वाहिलं आणि दिनकरकरवी तात्यांना निरोप धाडला, की बघायला या.

तात्या संध्याकाळच्या गाडीनं आले. पिशवीत करपलेल्या भाकऱ्या, वरून म्हणे रस्त्यात लागतात. मी सकाळपासून वाट बघत होते. फाटक वाजलं, आणि त्यांना फुलं नीट दिसावीत म्हणून मी वर्षात पहिल्यांदा तो शंभरचा बल्ब लावला.

तात्या पायरीपाशीच थांबले. शेवंतीकडे बघितलं. मग मान वर करून बल्बकडे बघितलं. बारीक झाले होते. टोपीही सैल झाली होती. मला वाटलं आता फुलांबद्दल काही म्हणतील, तब्येत विचारतील.

"इंदू," ते म्हणाले, "दिवा घालव. इथं कुणाचं लग्न लागलंय?"

आणि मी धावत जाऊन घालवला.